साठ पावलांवर सापडलेलं हरीण

शनिवारी सकाळी टीव्हीवर माझं नाव येणार, हे बाबांनी प्लांटमधल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कोणतं चॅनेल, किती वाजता, नाव कार्यक्रमाच्या शेवटी येतं म्हणून आधीच बंद करू नका, सगळं. आणि ते नाव काढून टाका, असं मी गुरुवारी दुपारी ऑफिसला कळवलं होतं. बाबांना हे माहीत नव्हतं. शुक्रवारचा सगळा दिवस मी त्यांना कसं सांगायचं याचाच विचार करत होते. तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा जेवलात का, एवढंच विचारून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "अगं, सकाळपासनं तिसऱ्यांदा जेवतोय मी."

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मामा इथल्या एका गाडीच्या कंपनीत इंजिनिअर, त्याने आम्हाला बोलावून घेतलं. नोव्हायमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण बहुतेक पुण्याची, नागपूरची, कॉम्प्युटरवाली नाहीतर इंजिनिअर. बाबा सांगली जिल्ह्यातले, शाळा नववीपर्यंत. ते गाडीचे पार्ट बनवणाऱ्या प्लांटमध्ये शेवटच्या तपासणीला उभे असतात. पार्ट हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, ठीक असेल तर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा, नसेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा. आई कॉम्प्युटरवाल्यांच्या घरांसाठी पोळ्या करते. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी. त्यामुळे कॉलेजातली कुठलीही गोष्ट आधी स्वतः समजून घ्यायची आणि मग घरी समजावून सांगायची, अशी दुहेरी परीक्षा असते. इंटर्नशिप म्हणजे काय हे सांगताना मी बराच वेळ चाचपडत होते. "काम करायचं, पण शिकायला म्हणून."

"म्हंजे उमेदवारी," बाबा म्हणाले.

ती केल्याशिवाय माझी पदवी पुरी होणार नव्हती. मी चित्रफितींचं संकलन शिकत होते. बऱ्याच ठिकाणी अर्ज केले, कुठूनच उत्तर आलं नाही. शेवटी एका लहानशा कंपनीने घेतलं. ती टीव्हीसाठी धनुष्यबाणाच्या शिकारीचा एक कार्यक्रम बनवायची. घरी मी सांगितलं, निसर्गावरचा कार्यक्रम आहे. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. आईने ते पोळ्या न्यायला आलेल्या एका काकूंना सांगितलं.

"टीव्हीत म्हणजे? बातम्या वाचते का?" काकूंनी विचारलं.

"नाही हो, प्राण्यांचं असतं."

"वाघ-सिंह?"

"हरणं," मी म्हणाले.

"सो क्यूट," काकूंची मुलगी म्हणाली. मी पोळ्यांच्या पिशवीला गाठ मारत राहिले.

बाबांना मात्र मी खरं सांगितलं होतं, कारण त्यांना शिकारीबद्दल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या शेजारच्या जागेवर एक म्हातारा अमेरिकन माणूस काम करतो. नोव्हेंबरच्या मध्यावर बंदुकीच्या शिकारीचा मोसम उघडला की अर्धी लाइन सुट्टीवर जाते. त्यात पहिला अर्ज या माणसाचा असतो. आई त्यांना हरणवाले काका म्हणते. ते दर वर्षी हरणाच्या मांसाचं पुडकं पाठवतात. आई ते उघडत नाही, मामाच्या घरी देऊन टाकते आणि बदल्यात त्यांना डबाभर पोळ्या पाठवते. मला वाटतं, त्यांना हे कधीच कळून चुकलं असावं. तरी पुडकं येतं आणि पोळ्या जातात.

एका वर्षी त्यांनी बाबांना आणि मला बरोबर नेलं. मी फक्त बघणार होते. पहाटेपासून आम्ही रानात शिकाऱ्यांना लपायला बांधलेल्या एका लाकडी खोक्यात बसलो होतो, पायांची बोटं बधिर झाली होती आणि बोलायचं नव्हतं. चार तासांनी एक मादी आली. तोंड आमच्याकडे करून उभी राहिली. काकांनी बंदूक उचलली, बराच वेळ धरून ठेवली आणि खाली ठेवली. मादी निघून गेली. बाबांनी खुणेने विचारलं, का? ते हळू म्हणाले, "अशी उभी असताना नाही." समोरून मारलं तर गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही, ती बाजूला वळली असती तर मारली असती. एवढंच. परतताना गाडीत त्यांनी अजून एक सांगितलं. शिकारीच्या परवान्याबरोबर दर हरणामागे एक कागदी टॅग मिळतो. हरीण मिळालं की त्यावर खाच पाडायची आणि तो हरणाला बांधायचा. एका वर्षी त्यांच्या हातून एक हरीण जखमी झालं. दोन दिवस शोधूनही मिळालं नाही. त्यांनी त्या टॅगवर खाच पाडली आणि बंदूक कपाटात ठेवली. त्या वर्षी परत गेलेच नाहीत.

"पण टॅग तर कोराच होता, कोणी बघत नव्हतं," घरी आल्यावर बाबा आईला सांगत होते. "हरीण मिळालं न्हाई, तरी ह्यानं आपलं मिळाल्यात धरलं."

"मग त्यात काय," आई म्हणाली. "मेलंच की ते बिचारं."

हे सगळं मला माहीत होतं, हे मला इथे लिहून ठेवायला हवं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

कंपनीत माझं काम होतं आलेलं सगळं चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं आणि एका तक्त्यात टिपायचं. कितव्या मिनिटाला काय घडलं, उपयोगाचं आहे की नको, आणि शेवटच्या रकान्यात टिपणाऱ्याचं नाव. तिथे मी फक्त आद्याक्षरं लिहायचे. एका शिकारीचं चित्रण तीस-चाळीस तासांचं असे आणि टीव्हीवर त्यातली वीस मिनिटं जात. उरलेल्या तासांत माणसं नुसती झाडावर बसलेली असत. वारा बदलला म्हणून उतरून घरी जात. समोर आलेलं हरीण नीट उभं नाही म्हणून सोडून देत. मला ते बघायला आवडायचं. त्या खोक्यातल्या चार तासांसारखं वाटायचं. पण त्या प्रत्येक ओळीपुढे मी 'नको' लिहायचे, कारण तसं शिकवलं होतं. टीव्हीवर हरीण येतं, बाण सुटतो, संगीत वाढतं, तेच दृश्य संथ गतीने परत दिसतं आणि पुढच्याच क्षणी शिकारी शिंगं हातात धरून गुडघ्यावर बसलेला असतो. मधल्या वेळात धनुष्याची जाहिरात. बघणाऱ्याला वाटतं, बाण लागला की हरीण मिळतं.

मी कोंबडी खाते. ती कशी मरते हे मी कधी बघितलेलं नाही. त्यामुळे शिकारीविरुद्ध बोलायचा मला अधिकार आहे असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही.

फेब्रुवारीत माझ्याकडे जे चित्रण आलं ते आदल्या ऑक्टोबरातलं होतं. आमच्या कार्यक्रमाचा मुख्य शिकारी धनुष्य घेऊन झाडावर बसला होता. दिवस मावळत होता. मोठं नर हरीण आलं, डाव्या शिंगाचा पुढचा फाटा अर्धा मोडलेला. बाण सुटला. हरणाने पाठ कमानीसारखी वाकवली आणि ते धावलं नाही, चालत गेलं, हळूहळू, उतारावरून खाली. शिकारी माइकमध्ये पुटपुटला, "थोडा मागे लागला." म्हणजे पोटात. पोटात बाण लागला तर रात्रभर थांबायचं असतं. हरीण जवळच कुठेतरी आडवं होतं आणि तिथेच मरतं. मागे गेलं तर उठून पळतं आणि मग हाती लागत नाही. हे त्याला नक्कीच माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या शेतावर चित्रणासाठी जायचं होतं. अर्ध्या तासात तो आणि त्याचे सोबती बॅटऱ्या घेऊन निघाले. कॅमेरा चालू होता. ओढ्याच्या अलीकडे काहीतरी उठल्याचा आवाज येतो, मग पाण्याचा, मग काहीच नाही. पुढचे दोन तास माणसं गवत चाचपत फिरताना दिसतात. शेवटी शिकारी जमिनीवर बसतो आणि म्हणतो, "बंद कर ते." ते बंद होतं.

दोन दिवसांनी तो त्या शेतावर परत आला. दुसरं नर हरीण आलं, याची शिंगं धड होती. बाण बरोबर खांद्यामागे लागला. हरीण उसळून पळालं आणि साठ पावलांवर पडलं.

आमची निर्माती साधारण पन्नाशीची, शिकारीच्या घरातच वाढलेली बाई. मला कोणी घेत नव्हतं तेव्हा तिने घेतलं, हे मी विसरत नाही. ती माझ्यामागे उभी राहून म्हणाली, "पहिल्या हरणाचं येणं आणि बाण घे. संध्याकाळचा उजेड सुंदर आहे. मग दुसऱ्याचं सापडणं जोड."

मी विचारलं, "पण ती दोन हरणं आहेत ना?" हे विचारायला मला किती वेळ लागला, ते तिला कळलं नसावं.

"शेत तेच, माणूस तोच, आठवडा तोच. परवान्यात दोन बसतात. काही बेकायदा नाही."

"शोध थोडासा ठेवला तर?"

तिने खुर्ची ओढली आणि ती बसली. ती चिडली नव्हती. "हे बघ. शिकारीच्या विरोधातले लोक तेवढंच कापून घेतील आणि सगळीकडे फिरवतील. म्हणतील, हे बघा शिकारी. आणि जे शिकार करतात, त्यांना ते बघायचं नसतं, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी ते केलेलं असतं. आपण खोटं सांगत नाही. दोन्ही त्यानेच मारली. आपण फक्त एक सांगतोय."

मी जोडलं. आणि नीट जोडलं, कारण वाईट काम करून दाखवण्याची माझी हिंमत नव्हती. मोडका फाटा दिसणारी एकेक चौकट मी काढली. फक्त उजवी बाजू ठेवली. तिने बघितलं आणि म्हणाली, "शिवण दिसत नाही." मग म्हणाली, या भागात तुझं नाव सहसंकलक म्हणून टाकते. मला आनंद झाला. तो झाला हे मी लपवत नाही. मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये सांगितलं.

आठवड्याने बाबा म्हणाले, "हरणवाल्यांनी बोलावलंय शनवारी. त्यांचा टीव्ही मोठाय. म्हणाले, पोरीचं काम बारकाईनं बघणार."

त्या दिवसापासून मी तो भाग वीस वेळा बघितला, त्यांच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. मोडका फाटा कुठेच दिसत नव्हता. तरी भीती जाईना. त्यांना कळेल म्हणून भीती, आणि नाही कळलं तर ते माझी पाठ थोपटतील, त्याची त्याहून जास्त. गुरुवारी सकाळी मी निर्मातीला लिहिलं. शोधाची दोन मिनिटं ठेवता येतील का, मी रात्रीतून बदलून देते. तिचं उत्तर लगेच आलं. भाग चॅनेलकडे गेला आहे, बदल नाही. नावांची पट्टी मात्र दुपारी चारपर्यंत बदलता येते, तुझं नाव काढायचं असेल तर कळव. त्यात राग होता की सोय होती, मला आजही सांगता येणार नाही. चारला दहा मिनिटं असताना मी लिहिलं, काढा.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही.

शनिवारी मी सकाळच्या बसने घरी गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आई येणार नव्हती, तिची पोळ्यांची ऑर्डर होती, पण पोळी-भाजीचा डबा भरून दिला होता. हरणवाल्या काकांचं घर गाडीने पंचवीस मिनिटांवर. निम्मा रस्ता गेल्यावर मी सगळं सांगितलं. दोन हरणं, ओढा, कापलेल्या चौकटी, चारला दहा कमी.

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी अख्ख्या लाइनला सांगितलंय."

"माहितेय."

"नाव काढून काय झालं?"

"मला त्यात राहायचं नव्हतं."

"पण हायसच की." त्यांनी सिग्नल दिला आणि गाडी वळवली. "उद्या एखादा पार्ट खराब गेला माझ्या हातनं. मी माझा शिक्का घासून काढला, तर पार्ट चांगला होईल का? एवढंच कळंल की कुणी बघितलं हुतं ते सापडत न्हाई."

मी म्हणाले, "मग आता काय करू?"

"मला काय म्हाईत. मी कधी टीव्हीत काम केलंय का?" ते रागावून बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "डबा सरळ धर, तेल सांडतंय."

काकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एकच शिंगांची जोडी आहे, तीही लहान. त्यांनी बाबांना चांगली खुर्ची दिली आणि मला टीव्हीसमोर बसवलं. कार्यक्रम सुरू झाला. संध्याकाळचा तो उजेड खरंच सुंदर होता. हरीण आलं. बाण सुटला. संगीत वाढलं आणि तेच संथ गतीने परत दिसलं. काकांनी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. मागे घेतलं. परत बघितलं. मी शिंगांकडे बघत होते, मोडका फाटा दिसत नव्हता. ते शिंगांकडे बघतच नव्हते.

"पाठ वाकवून चालतंय," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी चित्र पुढे सोडलं. शिकारी गुडघ्यावर बसून हसत सांगत होता, फक्त साठ पावलं. काकांनी परत थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "अशा चालीचं हरीण साठ पावलांवर सापडत नाही."

मी मोडकं शिंग लपवलं होतं. चाल लपवायची असते हे मला माहीतच नव्हतं. मी म्हणाले, "ही दोन हरणं आहेत."

"आणि पहिलं?"

"नाही मिळालं."

"किती वेळ थांबले?"

"अर्धा तास."

त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. आवाज न करता, अगदी सांभाळून. मग विचारलं, "कुठल्या बाजूला गेलं?"

"उतारावरून खाली. ओढा आहे तिथे."

"पाण्याकडे जातात," ते म्हणाले. "पोटात लागलं की तहान लागते. सकाळी गेले असते तर तिथेच मिळालं असतं. ओढ्याच्या काठाला."

त्यांनी थांबवलेलं चित्र पुन्हा चालू केलं. मला वाटतं, कोणालातरी काहीतरी करायला हवं होतं म्हणून. कार्यक्रम संपला आणि नावं वर सरकू लागली. आम्ही तिघेही ती वाचत होतो. माझं आलं नाही. काकांनी बाबांकडे बघितलं.

बाबांचं इंग्रजी प्लांटपुरतं आहे. ते पुढे सरकून बसले आणि एकेक शब्द निवडून म्हणाले, "तिनं नाव काढायला सांगितलं." मग थांबले, आणि तपासलेला पार्ट खाली ठेवावा तसं पुढचं वाक्य ठेवलं. "काम तिनंच केलंय."

काकांनी मला विचारलं, "हो?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं नाही, रागावले असंही नाही. डबा उघडून एक पोळी घेतली, गुंडाळी केली आणि उभ्याउभ्या खाल्ली. निघताना बाबांना म्हणाले, सोमवारी भेटू. मला काही म्हणाले नाहीत. पोळ्यांचा डबा मात्र त्यांनी धुऊन परत दिला.

सोमवारी प्लांटमध्ये काय झालं ते मी बाबांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवारी माझा कंपनीतला शेवटचा दिवस होता. किल्ली परत करायची होती आणि कॉलेजच्या फॉर्मवर निर्मातीची सही घ्यायची होती. ती फोनवर होती म्हणून मी माझ्या जागेवर बसले आणि तो तक्ता उघडला. शोधाच्या दोन तासांपुढे माझ्याच हातचा एक शब्द होता, नको. मी तो खोडला आणि लिहिलं, पहिलं हरीण, डाव्या शिंगाचा पुढचा फाटा मोडलेला, बाण पोटात, अर्ध्या तासात मागे गेले, ओढ्याकडे गेलं, मिळालं नाही. त्याखालच्या ओळीत लिहिलं, प्रसारित भागात दोन हरणं एक म्हणून जोडली आहेत. शेवटच्या रकान्यात आद्याक्षरांऐवजी पूर्ण नाव लिहिलं. आडनाव दोनदा चुकलं.

फोन ठेवून ती आली आणि माझ्यामागे उभी राहिली. तिने ते वाचलं.

"हे कोण वाचणार आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

मोसम संपला की जुनं चित्रण पुसून टाकतात. तक्ता राहतो की तोही जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. ती ते पुसेल असं मला वाटलं. तिने पुसलं नाही. माझा फॉर्म घेतला, सही केली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. पुढच्या नोकरीसाठी तिच्याकडून शिफारसपत्र मागायचं ठरवून मी गेले होते. ते मागितलं नाही.